आराखडा अडला तो नमुन्याच्या रकान्यात

एलएल.एम.च्या लघुप्रबंधासाठी मी 'हवामान बदलामुळे देशाची सीमा ओलांडणाऱ्यांचे कायदेशीर संरक्षण' हा विषय घेतला. मार्गदर्शक आणि शुल्क ही कामे सहज उरकली. आराखड्याच्या मंजुरीत मात्र जे झाले, त्याचा राग अजून ओसरलेला नाही.

अर्जातील 'नमुना संख्या' हा रकाना भरल्याशिवाय लिपिक अर्ज आवकला घेईनात. माझे संशोधन करार आणि निकालांवर आधारलेले आहे, त्यात प्रश्नावली नाही, असे सांगितल्यावर "ताई, रकाना कोरा चालत नाही" एवढेच उत्तर मिळाले. 'लागू नाही' असे लिहून नेले, तर संगणकाला आकडाच हवा होता. आराखडे मंजूर करणाऱ्या समितीतील एका सरांनी तोडगा सुचवला, "अक्कलकुव्याहून सुरतेकडे जाणारे मजूर घ्या, शंभर प्रश्नावल्या भरा, विषय खानदेशाचाही होईल." त्या मजुरांचे हाल मला ठाऊक आहेत, परंतु गुजरातेत गेल्याने त्यांचे नागरिकत्व सुटत नाही, राज्यघटनेचे कलम १९ तिथेही त्यांच्या पाठीशी असते. समुद्राची पातळी वाढत असलेल्या किरिबाती या प्रशांत महासागरातील बेटदेशातून न्यूझीलंडला जाऊन आश्रय मागणाऱ्या इओआने तैतिओता यांच्यापाशी असे काही नव्हते. १९५१ च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत या कारणांवरून होणारा छळच धरला आहे.

"करारात हवामानच नाही, मग संशोधन कशावर?" हा पुढचा आक्षेप. त्यावर उत्तर तैतिओतांच्याच प्रकरणात सापडते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला; तो त्यांच्या विरोधात गेला असला, तरी हवामान बदलाच्या परिणामांमुळे जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत न पाठवण्याचे बंधन राज्यांवर येऊ शकते, असे परिच्छेद ९.११ मध्ये म्हटले आहे. याचा आधार नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील कलमे ६ आणि ७ हा असून, त्या कराराला भारताने १९७९ मध्येच मान्यता दिली आहे. असाच विषय घेणार असाल, तर हा परिच्छेद अधोरेखित करून छापील प्रत जोडा; तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही.

शेवटी मार्गदर्शकांचे 'संशोधन डॉक्ट्रिनल आहे', म्हणजे ते पाहणीवर नव्हे तर कायदे आणि निकालांच्या अभ्यासावर चालते, असे पत्र जोडले आणि रकान्यात करार व निकाल मिळून बारा असा आकडा टाकला. तो बिनबोभाट स्वीकारला गेला, आणि ही युक्ती माझीच, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आवक क्रमांक आपल्या प्रतीवर शिक्क्यासह घ्यावा, हे आधीच सांगायला हवे होते. शिवाय २०२४ मध्ये अंमलात आलेला ऑस्ट्रेलिया आणि तुवालू हा प्रशांत महासागरातील बेटदेश यांच्यातील करार लघुप्रबंधाच्या स्वतंत्र प्रकरणात ठेवा. त्यातून तुवालूच्या वर्षाला २८० जणांना ऑस्ट्रेलियात राहण्याची वाट मिळते, पण निर्वासिताचा दर्जा मिळत नाही, आणि मौखिकीत हा फरक विचारला जातोच.