तुम्ही विचारलेत म्हणून: अभ्यासिकेच्या कपाटात गाईड कशासाठी?

"पाठ्यपुस्तके असताना तुम्ही मुलांच्या हाती गाईड कशी काय देता?" लालबागच्या आमच्या अभ्यासिकेत हा प्रश्न मला पालक विचारतात, शिक्षक विचारतात आणि देणगीची पावती घेता घेता देणगीदारही विचारतात. विचारणाऱ्याचे उत्तर मनात आधीच ठरलेले आहे, हे त्याच्या स्वरावरून कळते, म्हणून आजवर मी दोन वाक्यांत विषय आटोपता घेत आले. तरीही प्रत्येक जूनमध्ये तोच प्रश्न त्याच नाराजीने येतो, तेव्हा एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले आहे.

आमच्या कपाटाशेजारी एक अभिप्रायाची वही असते. पुस्तक परत करणाऱ्याने त्याविषयी दोन-चार ओळी लिहाव्यात, एवढीच अपेक्षा. गाईडविषयीचे माझे जे काही मत आहे ते या वहीतून आलेले आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. दहावीचे इतिहासाचे पुस्तक घ्या. २०१८ साली ते नव्या अभ्यासक्रमासह आले आणि राजे, लढाया, तह यांच्या क्रमाऐवजी त्याने इतिहास लिहिला कसा जातो, इथूनच सुरुवात केली. पहिल्या धड्यात देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स आणि मायकेल फुको हे युरोपीय विचारवंत भेटतात. पुढे प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन यांचा इतिहासाशी असलेला संबंध येतो. आमच्याकडे राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारे पदवीधर येतात, आणि या पुस्तकाविषयी ते वहीत भरभरून लिहितात. इतक्या थोड्या पानांत इतका आवाका आणि तोही मराठीत, यासाठी एकाने तर लेखकांचे आभार मानले आहेत. मला त्याचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. शाळेच्या मुलांसाठी इतक्या धाडसाने लिहिलेले इतिहासाचे दुसरे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

त्याच पुस्तकाविषयी, ते आले त्याच वर्षी, रात्रशाळेत शिकणाऱ्या एका मुलीने वहीत पाऊण पान लिहिले. ती दिवसभर पोळीभाजी केंद्रात काम करायची, संध्याकाळी शाळेत जायची आणि शाळा सुटल्यावर आमच्याकडे येऊन बसायची, कारण घरी दिवा लावून बसले तर झोपलेल्या भावंडांना त्रास होई. तिने लिहिले होते, "पहिल्याच धड्यात इतकी माणसे येतात की कोण आधी आणि कोण नंतर हेच कळत नाही. भूगोलात 'सांगा पाहू' असे विचारले आहे, पण सांगायचे कोणाला? गाईड मला बरे वाटले. त्यात निदान कोणीतरी उत्तर देते."

त्या वर्षीच्या गुणगौरव समारंभाला एक निवृत्त शिक्षक पाहुणे म्हणून आले होते. अभ्यासू गृहस्थ, बोलणेही प्रभावी. कार्यक्रमापूर्वी त्यांनी वही चाळली होती, आणि भाषणाच्या मध्यावर त्यांनी ती उघडून हा मजकूर ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवला. प्रत्येक वाक्यानंतर ते क्षणभर थांबत होते. "पुस्तकापेक्षा गाईड बरे वाटणारी ही पिढी," असे म्हणून त्यांनी वही मिटली आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. नाव त्यांनी घेतले नव्हते, पण अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना एकमेकांचे अक्षर आणि एकमेकांचे म्हणणे ठाऊक असते; चार-पाच डोकी मागे वळली आणि ती मुलगी खाली पाहत बसून राहिली. मी उभी राहून म्हणाले, की सर, पुस्तक पानापानाने वाचल्याशिवाय हे लिहिता येत नाही, वहीत इतके बारकाईने दुसऱ्या कोणीही लिहिलेले नाही. त्यांनी हसून उत्तर दिले, "ताई, तुम्ही मुलांचे लाड करता." पुन्हा टाळ्या झाल्या. पुढचा सत्कार सुरू झाला, नारळ आणि शाल पुढे आली, आणि माझे बोलणे तिथेच राहिले.

त्यानंतर ती येत राहिली. पुस्तके नेत होती, वेळेवर परत करत होती, आणि वहीत फक्त तारीख व सही करत होती. २०१९च्या त्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला होता. तशा वर्षी ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी वही पुढे केली. "नको ताई, तुम्हीच लिहा," एवढेच ती म्हणाली.

तिने विचारलेला प्रश्न पुस्तकाचा दोष दाखवत नव्हता, हे मी आवर्जून सांगते. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने एवढ्या मोठ्या राज्यात, इतक्या माध्यमांतून पुस्तके पोहोचवली आणि आज ती संगणकावर, फोनवर विनामूल्य उतरवून घेता येतात, ही साधी गोष्ट नव्हे. आजची पुस्तके ज्ञानरचनावादाच्या भूमिकेतून लिहिलेली आहेत. मुलाने स्वतः करून पाहावे, बोलावे, अडावे, आणि अडेल तिथे शिक्षकाने हात द्यावा, हे त्यात गृहीत आहे. 'करून पहा', 'जरा डोके चालवा', 'नकाशाशी मैत्री' या चौकटी बोलत्या वर्गासाठी आहेत. रात्रशाळेचे तास मुळात कमी, त्यात दिवसभर राबून आलेली मुले. वर्ग बोलता व्हायच्या आत घंटा होते. मग ते पुस्तक रात्री एकट्याने उघडणाऱ्या मुलीच्या वाट्याला नुसते प्रश्न उरतात. भूमितीच्या पुस्तकात शेवटी उत्तरसूची आहे, पण सिद्धता कशी लिहायची ते उत्तरसूचीत कसे मावणार? ती पायरी-पायरीने लिहून दाखवणारे कोणीतरी हवे असते. ज्यांच्या घरी ते कोणीतरी असते, त्यांना गाईडची गरज पडत नाही, आणि गाईडविषयी सर्वांत कडक मते मी त्यांच्याकडूनच ऐकली आहेत. शिवाय, भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी क्लासच्या छापील नोट्सही तयार उत्तरेच असतात. त्यांच्याबद्दल मला आजवर एकाही पालकाने जाब विचारलेला नाही.

हे इतक्या ठामपणे लिहिताना माझ्यासमोर पूर्वीची मी उभी राहते, हेही सांगितले पाहिजे. अभ्यासिकेच्या पहिल्या काळात कपाटात गाईड नव्हती. माटुंग्याला माहेश्वरी उद्यानाजवळच्या पदपथावरून जुनी पुस्तके निवडून आणताना मी गाईडचे गठ्ठे बाजूला सारत असे. तेव्हाच्या माझ्याकडे एक युक्तिवाद होता, आणि त्याला आजच्या माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. भाषेच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, 'स्वमत' नावाचा भाग असतो. कविता किंवा उतारा वाचून तुला काय वाटते, ते तुझ्या शब्दांत लिही, असे तो मुलाला सांगतो. गाईडमध्ये हे स्वमतही तयार मिळते, नीटनेटके, चार परिच्छेदांचे, शेवटी संदेशासह. त्याच्या खुणा मला आमच्या वहीत दिसतात. 'या पुस्तकातून आपल्याला मोलाचा संदेश मिळतो', 'लेखकाची भाषाशैली ओघवती आहे' ही वाक्ये वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या पुस्तकांखाली, अगदी गणिताच्या सरावसंचाखालीसुद्धा लिहिलेली सापडतात. पूर्वीची मी विचारते, की ज्या मुलीने अस्सल स्वमत लिहिले तिचे नाव पुढे करून तू अशी पुस्तके वाटतेस, ज्यांच्यामुळे इतरांना तसे लिहिताच येणार नाही. मी तिला म्हणते, की ती मुलगीही गाईड वाचतच होती आणि तरी तिने तिला वाटले तेच लिहिले. ती म्हणते, एका मुलीवरून काहीच सिद्ध होत नाही. तेही खरे आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. अभ्यासक्रम बदलला की गाईड एका दिवसात निरुपयोगी होते, आणि ज्याच्याकडे नवे घ्यायला पैसे नसतात त्याच्या हाती जुनेच पडते. २०१८च्या जूनमध्ये आमच्याकडे तसे घडू नये म्हणून दहावीची जुनी गाईड मी स्वतः वेगळी काढली आणि रद्दीत दिली. जुनी पाठ्यपुस्तके मात्र ठेवली, आणि पदवीधर मुले ती आजही नेतात. गाईडची बाजू मांडताना ही वस्तुस्थिती मी लपवू इच्छित नाही.

सध्याची आमची पद्धत अशी आहे. गणिताचे आणि विज्ञानाचे गाईड मागेल त्याला मिळते. इतिहास-भूगोलाचे पाठ्यपुस्तकाच्या जोडीनेच देते, वेगळे देत नाही. मराठीचे गाईड हवे असेल तर त्या धड्याविषयी स्वतःला काय वाटले ते आधी वहीत लिहावे लागते. शुद्धलेखन मी तपासत नाही, आणि वही आता माझ्या टेबलाच्या खणात असते, पाहुण्यांच्या हाती जात नाही. काही मुले दोन ओळी लिहितात, काही पान भरतात. काही मात्र "राहू दे ताई" म्हणून गाईड न घेताच परत जातात, आणि त्यांतली बरीचशी रात्रशाळेचीच असतात. त्यांच्यासाठी ही अट काढून टाकावी की ठेवावी, याचा निर्णय माझ्याकडून अजून झालेला नाही.