तराब्लुसच्या बाजारात रकवे घेताना

लेबनॉनमध्ये बैरुतहून त्रिपोलीला, म्हणजे तिथल्या लोकांच्या तराब्लुसला जायचं तर बैरुतच्या दौरा नावाच्या भागातल्या चौकात उभं राहायचं. व्हॅनवाले गावाचं नाव ओरडत असतात, गाडी भरली की सुटते. वाट साधारण 80-85 किलोमीटरची. तल चौकात घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उतरले आणि चालतच जुन्या बाजारात शिरले.

मला एकच वस्तू हवी होती. तांब्याचं रकवे, लांब दांड्याचं, कॉफी उकळायचं. झाकलेल्या गल्ल्यांत फोनवरचा नकाशा भरकटला, पण त्याची गरजही नव्हती. 1289 मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतान कलावूनने क्रुसेडरांकडून, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडून शहर घेतलं आणि समुद्रकाठ सोडून किल्ल्याच्या पायथ्याशी नव्याने वसवलं. तिथे धंद्याप्रमाणे गल्ल्या पडल्या, त्या अजून तशाच आहेत. खान म्हणजे व्यापाऱ्यांची जुनी सराई. खान अल-खय्यातीनमध्ये आजही शिंपी बसतात, खान अस-साबूनमध्ये ऑलिव्ह तेलाचा साबण. सुमाक आणि झातर या मसाल्यांचा वास मागे पडला आणि पुढून ठोक्यांचा आवाज आला. माझं आजोळ पुण्याच्या तांबट आळीत. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

दुकानातल्या अम्मोंनी, म्हणजे काकांनी, तीन रकवे काढून ठेवली. एक फार चकचकीत, यंत्रावर दाबलेलं. मी दुसरं उचललं, त्यावरचा मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, किंचित वेडावाकडा होता, म्हणजे हाताचाच. आत मात्र एका कडेला कल्हई विरळ होऊन तांबडं दिसत होतं. तिथे बोट ठेवलं तर ते लगेच म्हणाले, "तब्यीद." पांढरं करणं! शब्द वेगळा, काम तेच. त्यांनी भट्टी पेटवली, भांडं तापवलं, नवसागर टाकला. तो घशात जाणारा पांढरा धूर येताच मला आजोळचं अंगण आठवलं. मग कथिल, आणि कापसाच्या बोळ्याने एकच गोल हात. असं काम समोर बसून बघायला मिळणं हे मी भाग्य समजते.

किंमत त्यांनी 15 डॉलर सांगितली, 12 वर ठरलं. त्याखाली घासाघीस करणं मला बरं वाटलं नाही. मी 20 ची नोट दिली, सुटे लिरांत आले. एका डॉलरला साधारण 89,500 लिरा, म्हणून एकेक लाखाच्या सात नोटा आणि वर थोडी चिल्लर. 2019 पर्यंत हाच डॉलर 1,500 च्या आसपास होता. त्या नोटा मोजताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. कल्हईचे वेगळे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.

रकवे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून देताना त्यांनी हाताने खूण करून बजावलं: पहिलं पाणी उकळायचं आणि ओतून टाकायचं. कॉफी दुसऱ्या पाण्याची.