५०० रुपयांच्या ई-चलनाचा माग

मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी आम्ही सांगलीच्या कापड पेठेत गेलो होतो. सम-विषम तारखांचा फलक न वाचता मी दुचाकी चुकीच्या बाजूला लावली आणि घरी पोहोचेपर्यंत मोबाइलवर ५०० रुपयांचे ई-चलन आले. चूक माझी होती, त्यामुळे त्याच रात्री मी रक्कम ऑनलाइन भरली. हा पैसा आपल्या महापालिकेला मिळेल आणि त्यातून पेठेतलाच एखादा रस्ता सुधारेल, असे मला तेव्हा मनापासून वाटले होते.

लेखा विभागातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी माझा हा गैरसमज दूर केला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वसूल होणारा असा दंड राज्य शासनाच्या तिजोरीत जातो. महापालिकेच्या वाट्याला येते ते वाहनतळाचे शुल्क. मग ते शुल्क नेमके कसे जमा होते, हे कागदावर पाहावे म्हणून मी माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला.

पहिल्या मसुद्यात मी ‘वाहनतळाचा पैसा कुठे जातो?’ असे विचारले होते. आवक-जावक कक्षातील ताईंनी तो वाचून सांगितले, “काका, प्रश्न विचारू नका, कागद मागा.” हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. मी अर्ज पुन्हा लिहून ठेक्याचा करारनामा, सरकारी बोली (म्हणजे लिलावाची किमान रक्कम) ठरवतानाची टिपणी, शुल्क व दंड यांचा भरणा केल्याच्या नोंदी आणि अंदाजपत्रकातील लेखाशीर्ष (ही रक्कम ज्या नावाखाली दाखवतात ते) यांच्या प्रती मागितल्या. दंडाबाबतचा भाग माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पोलिसांकडे वर्ग झाला. बाकीच्या प्रती २ रुपये पान या दराने ३० दिवसांच्या आत मिळाल्या.

करारनामा वाचताना मला ठेका पद्धतीचे मर्म कळले. ठेकेदार बोलीची ठरलेली रक्कम भरतो आणि त्यानंतर रोज गोळा होणारे शुल्क त्याचे असते; म्हणजे वाहनतळ ओसंडून वाहिला तरी त्या वर्षी पालिकेचे उत्पन्न वाढत नाही. ते वाढायचे असेल तर पुढच्या लिलावाची सरकारी बोली प्रत्यक्ष गाड्यांच्या संख्येवरून ठरायला हवी आणि ती संख्या पावतीखेरीज कोठेच नोंदली जात नाही. यापूर्वी एका वाहनतळावर पावती न घेता १० रुपये देऊन मी निघून आलो होतो, ते मला तेव्हा आठवले आणि खरोखर वाईट वाटले.

रक्कम लहान आहे म्हणून हा विषय सोडून देणे मला पटत नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर महापालिकांना त्या उत्पन्नासाठी राज्याच्या भरपाई अनुदानावर अवलंबून राहावे लागले. अशा वेळी घरपट्टी, पाणीपट्टी यांसोबत वाहनतळ हे शहराच्या स्वतःच्या हातातले उत्पन्न आहे.

अंदाजपत्रकाच्या आधी मी आयुक्तांच्या नावे दोन मागण्यांचे निवेदन दिले: पावत्यांची मासिक गोषवारा-नोंद ठेवून तिच्यावरून सरकारी बोली ठरवावी आणि या उत्पन्नातला काही भाग रस्त्यावरचे पट्टे व सम-विषम फलक यांवरच खर्च करावा. निवेदनाची शिक्का मारलेली पोहोच मी ई-चलनाच्या पावतीसोबत त्याच फाइलमध्ये लावून ठेवली आहे.