जबडा, खांदे आणि उच्छ्वास: शरीराचं ऐकायला शिकताना

सकाळी उठल्यावर ठणकणारी कानशिलं, दुपारपर्यंत आखडलेली मान आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही चालू राहणारं डोकं, या तक्रारींसाठी मी शरीरातला ताण ओळखून तो सैल करण्याचा हा सराव सुरू केला. आधी रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घेतली. ही पायरी कुणीही गाळू नये. छातीत दुखणं, धाप लागणं, एका बाजूचा हातपाय बधिर होणं, कारण नसताना वजन उतरणं ही डॉक्टरांकडे जायची लक्षणं आहेत. ‘टेन्शनमुळे होतंय’ म्हणत ती अंगावर काढू नयेत. दातांच्या डॉक्टरांनी जबडा आवळून झिजलेल्या दाढा दाखवल्या आणि रात्री दातांवर घालायला गार्ड दिला. गार्डमुळे दात वाचतात, पण जबडा आवळणं त्यानं थांबेलच असं नाही. दिवसा जबडा कधी आवळला जातो हे बघणं तेवढं आपल्या हातात राहतं.

मेंदूतून निघून छाती आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या चेतेतले साधारण ८० टक्के तंतू खबर खालून वर नेतात: हृदय, फुप्फुसं, आतडी यांच्याकडून मेंदूकडे. स्नायूंची खबर वेगळ्या चेतांमधून जाते, पण तीही खालून वर. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मनाला ‘शांत हो’ असं बजावून फारसं काही साधत नाही. खालून जाणारी खबर बदलली, की मन मागोमाग निवतं. त्यासाठी हाताशी दोन गोष्टी आहेत, स्नायू आणि श्वास.

सुरुवात नुसत्या नोंदीपासून केली. जबड्याची विश्रांतीची स्थिती अशी: ओठ मिटलेले, वरखालच्या दातांत दोनतीन मिलिमीटर फट, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलकं टेकलेलं. दात एकमेकांना लागायला हवेत ते चावताना आणि गिळताना, एरवी नाही. फोन वाजला, गाडी सिग्नलला थांबली, नवी ईमेल उघडली, की जबडा, खांदे, पोट असं एकदा तपासायचं. वहीत ताणाची जागा, तो किती याचा ० ते १० मधला आकडा आणि त्या वेळी काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. दिवसभर शरीर चाचपत राहिलं तर प्रत्येक धडधडीची धास्ती बसते आणि ताण वाढतोच. म्हणून ठरलेल्या वेळीच बघायचं, नोंद झाली की हातातल्या कामाला लागायचं.

पुढचा भाग एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२९ मध्ये मांडलेल्या स्नायू शिथिलीकरणाचा. एक स्नायूगट पाच ते सात सेकंद ताणायचा, झटकन सोडायचा आणि सोडल्यानंतर तीसचाळीस सेकंद तिथे काय जाणवतं ते बघायचं. क्रम असा: मुठी, दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. सगळं मिळून पंधरावीस मिनिटं लागतात. घाई होते ती नेमकी सोडल्यानंतरच्या सेकंदांत, आणि शिकायचं असतं तेही तिथेच. जोर निम्म्याहून जास्त नको. पोटरीसाठी पायाची बोटं खाली ताणली तर गोळा येतो, म्हणून ती गुडघ्याकडे ओढायची. जबडा आधीच दुखत असेल तर दात न आवळता जीभ टाळूवर दाबायची. ताणताना श्वास कोंडायचा नाही. मानेच्या मणक्याचा त्रास किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी ताणण्याचा भाग डॉक्टरांना विचारूनच करावा. हात बसला, की दर वेळी जोर कमी करत न्यायचा, इतका की मूठ आवळल्याचं बाहेरून दिसूही नये. एवढासा ताण ओळखू यायला लागला, की तो कामाच्या मध्येही सापडतो. जेकबसन यांना हेच शिकवायचं होतं.

श्वासाचं प्रमाण मिनिटाला सहा: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, नाकानं. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा. अंगठ्यानं नाडी बघू नये, त्याचा स्वतःचा ठोका मध्ये येतो. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, बाहेर सोडताना लांबतात. मिनिटाला सहाच्या आसपास हा चढउतार बहुतेकांत सगळ्यात मोठा होतो, कारण रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची लयही साधारण दहा सेकंदांची असते. २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तेव्हा रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेवरची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’चा जप दोन्हींत श्वास आपोआप याच गतीला येत होता. आकडे मोजणं जमत नसेल तर ओंकार किंवा भ्रामरी घ्यावी. आवाज लांबला की उच्छ्वास लांबतोच.

चुकतं ते ‘दीर्घ श्वास’ या सूचनेमुळे. लोक छाती भरभरून हवा घेतात, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि बोटांना मुंग्या, ओठांना बधिरपणा, डोक्याला हलकेपणा येतो. श्वास सावकाश हवा, मोठा नको. पोट हाताखाली जेमतेम उचललं तरी पुरे. सहा सेकंद जड जात असतील तर तीन आत, चार बाहेर.

काहींना डोळे मिटून शांत बसलं की उलट छाती आवळते, भीती दाटते. हे खरंच घडतं आणि त्यात कमीपणा काही नाही. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत, पायाचे तळवे जमिनीवर दाबावेत, खोलीतल्या पाच वस्तू नीट बघाव्यात, सराव दोन मिनिटांवर आणावा. जुना मोठा आघात किंवा पॅनिकचे झटके असतील तर मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीनंच पुढे जावं. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर हा तीव्र सराव आहे. तिथे देहाच्या संवेदनांवर दिवसातले अनेक तास बसावं लागतं, त्यामुळे अशा माणसानं सुरुवात तिथून करू नये असं माझं ठाम मत आहे.

मनगटावरच्या घड्याळातला हृदयगतीच्या बदलाचा आकडा मी रोज बघत नाही. अपुरी झोप, सर्दी, रात्रीचं जड जेवण यानंही तो घसरतो. त्यापेक्षा वही खरं सांगते: पूर्वी आठवर गेल्यावर कळायचं, आता तीनला कळतं, आणि वादावादीनंतर खांदे लवकर खाली येतात. ताण यायचा थांबत नाही.

सध्या सकाळी दहा मिनिटं श्वास आणि झोपण्यापूर्वी जेकबसनचा क्रम चालू आहे. बाकीचं कामाच्या ओघातच होतं. लाटणं, पेन, स्टिअरिंग किंवा लोकलमधली कडी धरायला खरंच किती जोर लागतो ते बघायचं आणि वरचा जोर काढून घ्यायचा. कडीसाठी बोटं पुरतात, खांदा कानापर्यंत उचलावा लागत नाही.