भूमिका उतरवण्याची तालीम

भूमिकेत शिरायला आम्ही दीड-दीड महिना तालीम करतो आणि बाहेर पडायला देतो मेकअप पुसण्यापुरती पाच मिनिटं. स्वतःच्या आठवणी वापरून उभी केलेली भूमिका असेल, तर मी आता उतरण्याचीही तालीम करते.

सुरुवात आठवण निवडण्यापासूनच होते. अमेरिकन अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांचा दंडक होता, आठवण किमान सात वर्षं जुनी हवी. ताजी आठवण पहिल्या दोन-चार प्रयोगांत जबरदस्त चालते, तिथंच माणूस फसतो. पुढे ती हवी तेव्हा येत नाही, आली की संवाद गिळते आणि पडदा पडला तरी थांबत नाही. म्हणून मी अख्खा प्रसंग घेतच नाही, त्यातली एक वस्तू घेते: दाराची थंडगार कडी, ओल्या लोकरीचा वास. प्रसंग आपल्याला शेवटापर्यंत ओढत नेतो. कडी हातातून सोडता येते. ज्यांच्यापासून हे तंत्र आलं ते रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की खुद्द पुढे भावस्मृतीवरून, म्हणजे स्वतःच्या आठवणीतून भावना जागवण्यावरून, शारीरिक कृतींकडे वळले. १९३४ मध्ये पॅरिसला त्यांच्याकडे शिकून आलेल्या अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर यांनी हे अमेरिकेत सांगितलं आणि स्ट्रासबर्गांशी त्यांचं बिनसलं. या भांडणात मी ॲडलरबाईंच्या बाजूची, पण ते असो.

उतरायचं ते शरीरापासून. रडणं नाटकातलं होतं हे मनाला कळतं. धडधडीला, घामाला, थरथरीला कळत नाही. विंगेत आल्याआल्या, कुणाशी बोलण्याआधी, तीन संथ, पूर्ण श्वास. मग तळवे चेहऱ्यावरून फिरवून स्नायू सैल सोडायचे. मग उभं राहण्याची ढब मोडायची. श्वास, चेहरा आणि ढब यांतून भावना उभी करणाऱ्या, सुझाना ब्लॉक यांच्या आल्बा इमोटिंग पद्धतीतली ही ‘स्टेप आउट’, म्हणजे भावनेतून बाहेर पडण्याची कृती. यातली ढबच बहुतेकांची राहून जाते. पात्राचा डावा खांदा वर, जबडा आवळलेला, वजन टाचांवर. एवढं तसंच ठेवून कपडे बदलले, तर आपल्या कपड्यांत पात्रच घरी जातं. हे आरशात तपासू नये, कारण रंगवलेला चेहरा अजून पात्राचाच असतो. डोळे मिटून दात सुटे आहेत का, तळपाय पूर्ण टेकलेत का, एवढं पाहावं.

मारहाणीचा किंवा अपमानाचा प्रवेश असेल तर समोरच्या नटाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारून एखादं साधं वाक्य बोलायचं. ‘पाणी हवंय?’ पुरे. हे टाळलं की आठवड्याभरात ग्रीनरूममध्ये विनाकारण कुरबुरी सुरू होतात.

नंतर वीसेक मिनिटं खाणं आणि शांतता. दारू नको, झोप लागते, पण पहाटे मोडते.

घरच्यांना पात्राच्या सुरात उत्तरं जाऊ लागली किंवा दोन आठवडे झोप बिघडली, तर ती आठवण बंद आणि समुपदेशकाची वेळ घ्यायची. दिग्दर्शकाला ‘त्रास होतोय’ म्हटलं की सहसा धीर मिळतो, बदल मिळत नाही. त्यापेक्षा मी म्हणते, ‘हा प्रवेश कृतीवर बेतून करते, दोन तालमी द्या.’ मग त्या कडीऐवजी टेबलावरचा ग्लास पुसत राहते. तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला फरक कळत नाही.