जुना लॅपटॉप, नवा राउटर आणि डब्ल्यूपीए-३

घरी नवा राउटर बसला तेव्हा मोबाइल आणि टीव्ही लगेच जोडले गेले. माझा विंडोज १० असलेला जुना लॅपटॉप मात्र, पासवर्ड अचूक टाकूनही, या नेटवर्कशी जोडता येत नाही, एवढेच सांगत राहिला. जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने सुरक्षा जुन्या डब्ल्यूपीए-टीकेआयपीवर आणण्याचा सल्ला दिला, तो मला मुळीच पटला नाही. डब्ल्यूपीए ही वायफायच्या सुरक्षेची पद्धत, डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या तिच्या पुढच्या आवृत्त्या. टीकेआयपी ही तिच्यातील माहिती सांकेतिक करण्याची २००३ च्या सुमाराची तात्पुरती सोय. तिच्यातील उणिवा केव्हाच उघड झाल्या आहेत आणि तिच्यावर वेगही ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. एका यंत्रासाठी साऱ्या घराचे कुलूप ढिले का करावे?

म्हणून लॅपटॉपला नेमके काय झेपते ते आधी पाहिले. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा दिली की वायफाय कार्डाला चालणाऱ्या सुरक्षापद्धतींची यादी येते. त्या यादीत डब्ल्यूपीए२-पर्सनल (घरगुती वापराची, एका पासवर्डावर चालणारी) आणि सीसीएमपी, म्हणजेच एईएस ही टीकेआयपीहून भक्कम सांकेतिक पद्धत, होते, डब्ल्यूपीए३ नव्हते. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला होता, आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर या कार्डासाठी नवा ड्रायव्हरही मिळाला नाही.

राउटरच्या पानावर जाऊन 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' हा मिश्र पर्याय निवडला, तरीही जोडणी होईना. त्याच पानावर खाली 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' ही, जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांना संरक्षण देणारी सोय 'रिक्वायर्ड', म्हणजे सक्तीच्या, पर्यायावरच राहिली होती. डब्ल्यूपीए३ ला ती अनिवार्य असते, पण ज्या जुन्या कार्डाला ती जमत नाही ते अशा वेळी बाहेरच राहते. ती 'केपेबल' वर, म्हणजे जमेल त्या यंत्रापुरती, आणली आणि लॅपटॉपमध्ये साठवलेले जुने नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाकला, तेव्हा जोडणी झाली. 'शो इंटरफेसेस' या आज्ञेने डब्ल्यूपीए२-पर्सनल आणि सीसीएमपी दाखवल्यावरच माझे समाधान झाले.

डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळचा संवाद टिपून पासवर्डाचे अंदाज नंतर निवांतपणे तपासता येतात, त्यामुळे लांब पासवर्डाला पर्याय नाही. ६३ अक्षरांपर्यंत मुभा असल्याने मी परस्पर असंबद्ध शब्दांचे एक लांबलचक वाक्य ठेवले. शिवाय डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता यंत्र जोडण्याच्या सोयीचा, पिन बंद केला, कारण आठ अंकी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ पासून जाहीर आहे.