सलाईन लावा म्हणण्याआधी

मार्च-एप्रिलात आमच्या वसमत भागात हळद शिजवायची घाई असते. डोक्यावर ऊन, समोर कुकरची वाफ, आणि तिथंच दिवसभर राबणारी माणसं. त्यात लग्नसराई. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ४३ वर गेल्याची बातमी पेपरात येते, तोवर माझ्या मेडिकलच्या काउंटरवर विचारणा सुरू झालेली असते, "ताई, मामाला ऊन लागलंय, सलाईन कुठं लावून मिळंल?"

सलाईनवर आपल्याकडं फार भिस्त. पण माणूस शुद्धीवर आहे, पाणी पोटात ठरतंय, नुसता गळाठा आलाय, पायात गोळे येतायत, तर बहुतेक वेळा सावली, आराम आणि ओआरएस, म्हणजे पुडीतलं मीठ-ग्लुकोज कालवलेलं पाणी, एवढ्यावर भागतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं पाजायला लावलं आणि असंख्य जीव वाचले. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ जोडीनं शोषलं जातं, पाणी त्यांच्या मागोमाग जातं. सगळी करामत त्या प्रमाणात आहे.

आणि नेमकं तेच बिघडतं. परवा शिजवणीवरच्या एका मावशीनं दुकानातच पुडी फोडली, ग्लासात चिमूटभर टाकली आणि उरलेली पदराच्या गाठीत बांधली. "चवीपुरतं टाकते माय, दुपारी पुन्हा लागंल." मी बाटली काढून दाखवली. २१ ग्रॅमच्या आसपासची मोठी पुडी एका लिटरला, सगळी एकदम. छोटी ४ ग्रॅमची असेल तर २०० मिलीला. पाणी कमी घातलं तर खारट होऊन जुलाब वाढतात, जास्त घातलं तर मीठ पुरत नाही. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. रोजच्यासाठी ताक, अंबील, पन्हं उत्तमच. खोक्यातल्या गोड पेयांना मात्र ओआरएस समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, फार बरं झालं.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, तोल जातोय, झटका आला, अंग १०४ च्या वर तापलंय, तर तो उष्माघात. त्यावर लोक तापाची गोळी मागतात. मी देत नाही. साध्या तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेतो, गोळी ते खाली आणते. इथं शरीराला उष्णता बाहेर टाकणंच जमत नसतं, गोळी काय करणार? १०८ ला फोन लावा, आणि गाडी यायची वाट न बघता कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला, बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असंही धरून चालू नका. कष्टाच्या कामात घामानं भिजलेल्यालाही तो होतो.

उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं, की डोकं मागं करून कांदा हुंगवतात. तसं नको. पुढं वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये सोडून बघू नका.

घरात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारं म्हातारं माणूस असेल, तर उन्हाळ्यात त्याचं पाणी लवकर आटतं. गोळी मनानं बंद करू नका, पण ऊन तापायच्या आत चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना एकदा दाखवून या, आणि पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा.